आवळलेले स्क्रू

नागपूर, मंगळवार, जानेवारी १९८२

दादावरचा राग अजून जात नाही. गुलमर्गच्या शिबिरासाठी कॉलेजच्या सरांनी मला बर्फावर घसरायच्या जुन्या स्की दिल्यात. टाच दाबली की खटका बसतो आणि पडलं की बूट आपोआप सुटतो. माझ्या वजनाप्रमाणे खटक्याचे स्क्रू लावून सरांनी बजावलं होतं, याला हात लावायचा नाही. आज मी कॉलेजात असताना दादाने ते पार आवळले. मला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी अंगणात सराव करताना मी पडले, बूट सुटलाच नाही आणि गुडघा मुरगळला.

"ढिले होते, म्हणून कसले. तुह्या भल्यासाठीच केलं ना वं," दादा म्हणाला.

आई लगेच म्हणाली, "काहून जाते त्या बर्फात? आता राहू दे."

दोघांना हेच हवं होतं का? मला विचारलंसुद्धा नाही.

"मंग तूच हे पायात अडकवून पडून दाखव," मी दादाला म्हटलं.

पेचकस घेऊन मी स्वतःच स्क्रू सरांनी लावले होते तेवढे सैल केले. बऱ्या पायाचा बूट अडकवून जोरात पिळला. सुटला.

"शनिवारची गाडी हाय, आई," मी सांगितलं. "लंगडत जाईन, पण जाईन."