चारही चाकं फिरताहेत

१ डिसेंबर, सोमवार

उन्हाळ्यात ॲरिझोनातलं चँडलर सोडून न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आलो, आज शेवटी गाडी घेतली. ऑल व्हील ड्राइव्ह सेडान. गडद निळी. एसयूव्ही घ्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं. ज्यांना स्वतःच्या ड्रायव्हिंगवर भरवसा नसतो ते एसयूव्ही घेतात.

जन्म नागपूरचा, नोकरी ॲरिझोनाची. बर्फाशी माझा संबंध आजवर सरबतापुरता. पण हा अनुभवाचा प्रश्न नाही, इंजिनिअरिंगचा आहे. इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, म्हणजे गाडी अडकूच शकत नाही.

आसावरीनं विचारलं, विंटर टायर घेतलेस का? म्हटलं, चारही चाकं फिरत असताना वेगळे टायर घेणं म्हणजे रेनकोटावर छत्री. ती म्हणाली, पुण्यात आम्ही तेच करायचो. विषय बदलला.

६ डिसेंबर, शनिवार

यूट्यूबवर बर्फातल्या ड्रायव्हिंगचे व्हिडिओ पाहिले. बहुतेक लोक टायर, टायर करतात. या लोकांना टायर विकायचे असतात.

संकल्प: रोज एक व्हिडिओ. नोट्स काढायच्या.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी

पहिला बर्फ! केयाला घेऊन मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये टेस्ट घेतली. ती कॉलेजच्या सुट्टीवर घरी आहे, आणि सकाळी उठवल्याच्या रागात वाटभर डोळे मिटून बसली.

गाडी जागेवरून जी निघाली! शेजारी एक पिकअप मागची चाकं फिरवत तसाच उभा होता, आम्ही त्याच्यासमोरून सुळकन गेलो. मी केयाकडे पाहिलं. केयानं समोर पाहिलं आणि ओरडली, "बाबा, ब्रेक!"

ब्रेक मी मारलाच होता. गाडी थांबायला तयार होती, फक्त थोडी पुढे जाऊन. बर्फ उपसणाऱ्यांनी लॉटच्या मधोमध ढीग करून ठेवला होता, त्यात बंपर गेला. असा ढीग मधोमध करायचाच कशाला?

केया म्हणाली, "चारही चाकांना ताकद जाते, ओके. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात ना? मग थांबताना ॲडव्हान्टेज काय?" मुलगी सायकॉलॉजी शिकते. तिला काय सांगणार?

नोट्स अजून काढल्या नाहीत.

२५ जानेवारी, रविवार

मोठी बातमी. आसावरीचं सिटिझनशिपच्या शपथविधीचं पत्र आलं. बुधवार, १८ फेब्रुवारी, सकाळी नऊ, न्यूअर्क. पत्र तिनं फ्रिजवर लावलं आणि पाणी प्यायला उठली की वाचते.

माझी सिटिझनशिप फिनिक्सलाच झाली. तिची राहिली, कारण तिचे वडील आजारी असताना ती बरेच महिने पुण्याला जाऊन राहिली आणि इथे सलग राहिल्याच्या वर्षांची तिची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माझ्या शपथेला ती पहिल्या रांगेत बसून रडत होती. माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता.

म्हटलं, हे सेलिब्रेट करायला हवं. प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला पोकोनोजच्या डोंगरांत केबिन घेऊ. केया कॉलेजातून येईल, शेजारचे मनोहरराव आणि शोभनावहिनीही येतात म्हणाले. आसावरी म्हणाली, शपथ झाल्यावर जाऊ या ना. म्हटलं, सोमवारी परत, शपथ बुधवारी. मध्ये अख्खा मंगळवार आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. केबिन

पोचलो. जागा सुंदर. रस्त्यापासून ड्राइव्हवे सरळ खाली उतरतो आणि तळाशी केबिन, चहूबाजूंना पाइनची झाडं.

मनोहररावांनी त्यांची म्हातारी मिनीव्हॅन वर रस्त्याकडेलाच लावली आणि बॅगा प्लॅस्टिकच्या घसरगाडीवरून ओढत आणल्या. रिटायर होईपर्यंत ते बफेलोला होते, जिथला बर्फ देशभर प्रसिद्ध आहे. बफेलोत असताना म्हणे गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे ठेवायची सवय लागते. त्यांच्या व्हॅनला फक्त पुढची दोन चाकं ओढतात. मी मुद्दामच विचारून घेतलं. म्हणाले, "हो, पण चारही स्नो टायर आहेत." मी नुसतं हसलो.

आणि गाडी थेट दारापर्यंत उतरवली. शोभनावहिनींनी टाळ्या वाजवल्या. आसावरी म्हणते, त्या हातमोजे झटकत होत्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून बर्फ. काचेतून फार छान दिसतो.

दुपारी जरा जास्त वाटला. बातम्यांत वादळाचं नाव सांगितलं. मनोहरराव बफेलोतल्या वादळांची नावं सांगू लागले. आसावरीनं दोनदा विचारलं, आपण आत्ताच निघू या का? म्हटलं, अशाच दिवसासाठी तर ही गाडी घेतली! उद्या आरामात नाश्ता करून निघू.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नाश्ता केला. निघालो नाही.

गाडी मोकळी करण्यात बराच वेळ गेला. इंजिनचा आवाज उत्तम, सीट गरम, 'स्नो मोड'चं बटण दाबलं. सगळे दारात उभे. गाडी ऐटीत निघाली, चढाला लागली, आणि थांबली. चाकं मात्र थांबली नाहीत. चारही फिरत होती, हे मी सगळ्यांना दाखवलंही.

मग मागे घेऊन जोरात आलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी चढाच्या मध्यावर गेली आणि तिथून आपल्या मर्जीनं मागे येऊ लागली. ब्रेक दाबलेला. स्टिअरिंग माझ्या हातात. तरी ती तिरकी होत होत एका पाइनपाशी हळूच जाऊन टेकली. आवाज फार झाला नाही.

मनोहररावांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "पोट टेकलंय, पुरुषोत्तम. सेडान बुटकी. खाली बर्फ दाबला गेला की गाडी त्यावर बसते, चाकं अधांतरी फिरतात. आणि टायर ऑल सीझन आहेत, ते या थंडीत लाकडासारखे होतात. बफेलोत असताना..." त्यांना मध्येच थांबवलं.

केयानं फोनमध्ये आधीच सेव्ह केलेली केबिनची जाहिरात काढली. ड्राइव्हवेसाठी ऑल व्हील ड्राइव्ह आणि स्नो टायर लागतील, असं लिहिलंय. मी बुक करताना 'ऑल व्हील ड्राइव्ह' वाचलं, समाधान झालं, पुढे गेलो. वाक्य फार लांब होतं.

व्हॅन वर आहे, पण वरचा रस्ताच बंद आहे. म्हणजे आज कोणीच जाऊ शकत नाही. हे मी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. कोणाला बरं वाटलेलं दिसलं नाही.

दिवसभर रमी. खिडक्यांच्या निम्म्यापर्यंत पांढरं. आसावरीनं पत्ते हातात घेतले, पण खेळली नाही. मोबाइलची रेंज फक्त वर रस्त्यापाशी मिळते. ती गुडघाभर बर्फातून वर जाऊन शपथविधीच्या ऑफिसला फोन करून आली. आज सुट्टी. कोणी उचलला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार

सकाळी बर्फ हटवणारा प्लाऊ आला आणि वरचा रस्ता मोकळा केला. मनोहररावांची व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि रस्त्यावर जाऊन उभीही राहिली. वर चढ नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

सगळ्यांनी बॅगा वर ओढायला घेतल्या. व्हॅनमध्ये माझ्यासाठी जागा होती. पण गाडी अशी झाडाला टेकवून टाकून जायची? गाडी ओढून काढणाऱ्या टोवाल्याला फोन झाला होता, दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. म्हटलं, तुम्ही निघा, मी मागून येतोच. हायवेला लागलो की तुम्हाला गाठेन.

आसावरीच्या हातात ड्रेस बॅग होती, तिची नारायणपेठ आत. इथून थेट शपथेला जाता यावं म्हणून तिनं ती इथे आणली होती, हे मला आज कळलं. म्हणजे तिला पहिल्यापासूनच भरवसा नव्हता.

ती म्हणाली, "पुरू, गाडी राहू दे. चल."

मी म्हटलं, "संध्याकाळी घरी असेन."

"नसलास तर?"

"असा कसा नसेन? ऑल व्हील..."

"उद्या नऊला आहे," ती म्हणाली आणि चढ चढू लागली. घसरली, तेव्हा मी हात द्यायला धावलो. तोवर केयानं धरलं होतं. केया वळून एवढंच म्हणाली, "बाबा, जस्ट कम." मी गाडीच्या टपावरचा बर्फ झटकत राहिलो. वरून व्हॅनचा आवाज आला आणि गेला.

१७ फेब्रुवारी. संध्याकाळ

टोवाला आला. वरून पाहिलं. एवढ्या खाली ट्रक उतरवणार नाही म्हणाला, वर कसा आणणार? त्याची केबलही पुरत नाही. केबिनच्या मालकानं ड्राइव्हवे साफ करणाऱ्या माणसाला सांगितलंय. तो शुक्रवारी येईल. शुक्रवारी!

टोवाल्यानं गावापर्यंत सोडू का, असं विचारलं. पण तिथून बस उद्या दुपारची. म्हटलं, नको, मी उद्या पहाटे स्वतःच काढेन. गोठलेल्या बर्फावर पकड चांगली मिळते, असं एका व्हिडिओत होतं. किंवा उलटं असेल. नोट्स काढायला हव्या होत्या.

केबिनमध्ये फार शांत आहे. मनोहररावांचा आवाज किती पुरत होता, ते आज कळलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे फावड्यानं खणलं. चाकांखाली केबिनचा पाय पुसायचा मॅट घातला. चाकानं मॅट मागे फेकला. दुसरा घातला. तोही. दोन्ही मॅट आता पाइनवर आहेत.

नऊच्या आधी वर चढून गेलो. टपालपेटीपाशी रेंज सगळ्यात बरी. केयाचा व्हिडिओ कॉल आला. मोठा हॉल, खूप देशांचे लोक, कोणाच्या डोक्यावर फेटा, कोणाच्या कडेवर बाळ. आसावरी नारायणपेठेत. शेजारी शोभनावहिनी तिची पर्स धरून बसलेल्या. आसावरीनं उजवा हात वर केला. ओठ हलायला लागले आणि चित्र तिथेच थांबलं.

मी फोन उंच धरला, टपालपेटीवर चढायचा प्रयत्न केला, रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. ती तशीच, हात वर, तोंड अर्धवट उघडं. एक प्लाऊ आला, मला हॉर्न देऊन बाजूनं गेला. बऱ्याच वेळानं स्क्रीन काळा झाला.

खाली येऊन खिचडी केली. खाल्ली नाही.

फोनमध्ये रेंज नव्हती, हा नेटवर्कचा दोष. पण पहिल्या रांगेत मी नव्हतो, यात नेटवर्कचा काय दोष काढायचा, ते सुचत नाहीये.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वर जाऊन आसावरीला मेसेज केला: गाडी उद्या नक्की निघेल. पाठवल्यावर लक्षात आलं, अभिनंदन लिहायचं राहिलं. परत वर गेलो, तर फोनची बॅटरी संपली होती. फोन चार्ज करायला खाली आलो. थंडीत तिसरा चढ झाला नाही.

अभिनंदन समोरासमोरच करायचं असतं. घरी गेल्यावर नीट करीन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ, गाडीत

सकाळी मशिन घेऊन माणूस आला, ड्राइव्हवे खरवडला, वाळू टाकली, गाडीभोवतालचा बर्फ काढला. त्यानंतर गाडी एका दमात वर. एकही चाक घसरलं नाही! याला म्हणतात ऑल व्हील ड्राइव्ह. घरापर्यंत कोरडा रस्ता, गाडी लोण्यासारखी चालली.

आमच्या गल्लीत वळलो. घरात सगळे दिवे. खिडकीतून माणसं दिसत होती, हातात डिशेस. आसावरीची पार्टी आज आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा मेसेज आला असेल, चार दिवसांचे मेसेज मी पाहिलेले नाहीत.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरच्या प्लाऊनं बर्फाचा बांध घालून ठेवला होता. फार उंच नव्हता. खिडकीत सगळे आहेत, म्हटलं एकदा तरी पाहू देत. जरा जोर देऊन घातली.

पुढचा भाग पलीकडे, मागचा अलीकडे, पोट बांधावर. चाकं फिरताहेत.

हॉर्न वाजवणं बरं दिसणार नाही. इंजिन बंद करून बसलोय. शोभनावहिनी कोणाला तरी वाढताहेत. मनोहरराव हात पसरून सांगताहेत, बफेलोच असणार. आसावरी हसतेय. केयानं तिच्या खांद्याभोवती हात टाकलाय. बऱ्याच दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली. मी आत नसताना घर फार छान चाललेलं दिसतं. सीट अजून जराशी गरम आहे. टो कंपनीला फोन लावला, वेटिंगवर आहे.

नंतर

काचेवर टकटक झाली. आसावरी, साडीवर जाड कोट, पायात बूट. काच खाली केली. तिनं गाडीकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. फोनमध्ये टो कंपनीचं संगीत वाजत होतं.

म्हटलं, "अभिनंदन."

म्हणाली, "थँक यू." मग, "पुरू, कधीपासून बसलायस?"

म्हटलं, टोवाल्याला तासभर लागेल बहुतेक, तो आला की येतोच मी आत.

तिनं वळून घराकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"दार उघड," ती म्हणाली, "आणि चालत ये."

हे मला सुचलंच नव्हतं.