हवेच्या वाटीतलं तेल

सोमवार, ता. ३

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या प्लॅस्टरमधल्या पायाची चौकशी शेवटी करीन. मी घाबरले आहे, आणि एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला आहे.

वीज कंपनीची चिठ्ठी आली. येत्या सोमवारपासून, म्हणजे दहा तारखेपासून, तीन दिवस तारा बदलणार आणि वीज पूर्ण बंद. खाली क्षमस्व छापलंय, म्हणजे यांचं कर्तव्य संपलं. ह्यांचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. भरलेल्या टाक्या घरात दोनच, प्रत्येकी सहा तासांच्या. डॉक्टर म्हणतात, त्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून चार तास शहरातल्या इस्पितळात नेण्यापेक्षा पेशंट घरीच बरा. सल्ला देणाऱ्याचं काय जातं.

म्हणून आज मागच्या खोलीतला डिझेल जनरेटर चालवून पाहिला. दोन मिनिटं चालला, ठोके देऊ लागला, आणि बंद पडला तो पडलाच. गावातला मेकॅनिक आठ दिवस मोकळा नाही. त्याचा निरोप असा, की स्टार्टर दाबत राहा, आपोआप सुटेल. वादळापासून फोन मुका आहे. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये जगाचे फोन जोडले, आणि माझ्या वेळेला ही गत. म्हणून हे पत्र दुधाच्या लॉरीवाल्याकडे देते आहे. त्याच्याच हाती उत्तर दे.

ह्यांना इंजिनाचं काही सांगितलेलं नाही. आवाज त्यांनी ऐकला असेलच. विचारलं मात्र नाही.

बहिणीवरचा जीव कमी न झालेला बरा,
तुझी ताई


मंगळवार, ता. ४

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. पाय ठीक आहे, खाज सोडून. तो धड असता तर पत्राऐवजी मीच लॉरीत बसलो असतो.

पहिली गोष्ट, स्टार्टरला हात लावू नकोस. त्या मेकॅनिकला सांग, असं सुटत नसतं, तुटतं. मी जहाजावर इंजिनं बघायचो तेव्हा एकाने असंच दाबत राहून पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकवला होता, आणि मग आम्ही नऊ दिवस समुद्रात तरंगत होतो.

आता नीट आठवून लिही. धूर कोणत्या रंगाचा होता? इंजिनाचा वेग तू न वाढवता वाढला का? बंद कसं पडलं? आणि हँडल हाताने फिरवलं तर जड जातं, की एका जागी ठप्प अडतं? आवाज कसा ते तू सांगशीलच. तारेवरच्या नुसत्या श्वासावरून माणूस ओळखणारे तुझे कान आहेत, लहानपणी त्यांचा मला फार त्रास झाला.

घाबरू नकोस म्हणणार नाही. तू ऐकत नाहीस.

वडीलकीची माया आहे तशीच राहो,
धाकटा


बुधवार, ता. ५

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत शिकवलं होतं, विचारलं तेवढंच आणि विचारलं त्या क्रमाने लिहावं.

धूर निळा. वेग आपोआप वाढला, मी लीव्हरला हात लावला नव्हता. ठोका बंद दारामागून कुणी बोटांची पेरं आपटावीत तसा, पण लोखंडी, आणि वेगाबरोबर वाढणारा. मी डिझेल बंद केलं तरी ते चालतच राहिलं. ज्याचं अन्न तोडलं ते धावतंय कशावर? मग एक दणका बसला आणि सगळं शांत. हँडल अर्धा फेरा फिरतं आणि भिंतीला लागल्यासारखं ठप्प होतं.

रविवारी मी ह्यांच्या वहीत पाहून सगळी निगा केली होती. हवेच्या गाळणीची वाटी पुसून, धूळ धरायला असतं ते एक पेला तेल घातलं, बरोबर रेघेपर्यंत. ह्यांनी अंथरूण धरल्यापासून ते काम माझं आहे, आणि कुणी मला बेशिस्त म्हणू नये.

आज ह्यांचे ओठ पुन्हा निळसर दिसले. कारण विचारलं तर भिंतीकडे वळले. यंत्र चालू असताना ही अवस्था, तर सोमवारी काय? पाच दिवस उरले आहेत. मी सारखी घड्याळ पाहते, आणि ते मला पाहताना पाहतात.

उत्तर लवकर धाडणाऱ्यावर जास्त माया करणारी,
ताई


गुरुवार, ता. ६

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. इंजिन मेलेलं नाही, ते बुडालंय. निळा धूर म्हणजे तेल जळत होतं. हवेच्या वाटीत तेल जास्त झालं की इंजिन हवेबरोबर तेही ओढतं. तेलावरच ते पळत होतं, म्हणून डिझेल तोडूनही थांबेना. आता सिलिंडरमध्ये तेल साचलंय आणि पिस्टनला वर यायला जागा नाही.

बॅटरीची वायर काढ, डिझेलचा कॉक बंद कर. इंजिनाच्या डोक्यावर इंजेक्टर आहे, बारीक लोखंडी नळी जाते तो. नळी सोड, दोन नट काढ, तो सरळ वर ओढ. मग तोंड बाजूला ठेवून हँडल हळूहळू फिरव. त्या भोकातून तेल उडेल, उडू दे. वाटी रिकामी करून रेघेपर्यंतच भर, हवेचा पाइप आतून पूस. इंजेक्टर बसवल्यावर कॉक उघडून, नळीचा नट थोडा ढिला ठेवून हँडल मार, बुडबुडे थांबले की आवळ.

रॉड वाकला असेल तर ठोका राहील. ते मला इथून कळणार नाही. खोटं सांगत नाही.

आणि एक. तू रेघेपर्यंतच घातलंस, हे मी मान्य करतो. मग वरचं कुणी घातलं? चोर तेल नेतात, आणून घालत नाहीत.

तुझ्या रागालोभाचा आजन्म धनी,
धाकटा


सोमवार, ता. १०

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. शनिवारी केलं. एक नट निघेना. त्याला उद्देशून जे बोलले ते सिस्टरांनी ऐकलं असतं तर माझं नाव कमी केलं असतं. तेल छतापर्यंत उडालं. वाटीत अजूनही रेघेच्या वर तेल होतं.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. हातावरच्या तेलासकट मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी लगेच कबूल केलं. रविवारी मी बाजारात गेल्यावर हे नाकातली ऑक्सिजनची नळी काढून, भिंत धरत मागच्या खोलीत गेले होते. चष्मा नव्हता, वाकून रेघ बघण्याइतका दम नव्हता. मी विसरले असेन म्हणून अंदाजाने एक पेला ओतला आणि परत आले. बुधवारी पुन्हा निघाले, ठोका कशाचा ते बघायला, आणि अर्ध्या वाटेवरून भिंतीला टेकत वळले.

ते तिथे पडले असते, धाकट्या. मी भाजीची पिशवी घेऊन दारात आले असते. मी त्यांना नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, बेजबाबदार म्हटलं, एवढाच उत्साह असेल तर स्वतःच जनरेटर होऊन बसा म्हटलं.

मला न विचारता स्वतः का गेलात, म्हटलं. मग त्यांनी श्वास जुळवत, तीन तुकड्यांत सांगितलं, की ऐन वेळी इंजिन चाललं नाही आणि तेल तू घातलेलं असलं, तर मागे उरून तू जन्मभर स्वतःला खाशील. मी घातलेलं असलं तर चूक माझ्याबरोबर जाईल.

आज सकाळी नऊला वीज गेली. यंत्राची घरघर थांबली. ह्यांना टाकी लावून मी मागे गेले आणि बटण दाबलं. पहिल्यांदा नुसतंच गुरगुरलं. दुसऱ्यांदा धरलं. ठोका नाही. दोन तास झाले, मी कान लावून बसले आहे, अजून नाही. अजून दोन दिवस आणि बावीस तास आहेत.

शनिवारचं त्यांचं बोलणं ऐकून मी वहीत तेलाच्या नोंदीपुढे आमची दोघांची नावं लिहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हे कुणाला सांगू नकोस, त्यांना तर मुळीच नको.

पायाला जप. आहोत तोवर लिहीत राहू,
तुझी ताई