ऱ्हस्व णि

प्रिय धाकटे,

तुझा फोन आला की मी कामात आहे म्हणते, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. बोलायला गेले तर ततपप होईल, म्हणून लिहायला बसलेय. तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासण्यात गेली. स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो, म्हणून ती आज कपाटात टाकून दिलीय.

आधी चांगलं सांगते. तुझ्या फिल्मचे इथले आतापर्यंतचे पाचही खेळ भरले. अभिप्रायाची कार्डं गोळा करायचं काम तू माझ्या गळ्यात मारलंस, ते मी इमानेइतबारे करतेय. लोक काय एकेक लिहितात. दातांच्या एका डॉक्टरांचं म्हणणं, गायक दात घासताना ब्रश चुकीचा धरतो. एका बाईंना आपल्या स्वयंपाकघराचा पडदा कळकट वाटला. तो मी दर आठवड्याला धुवायचे, तुझा कॅमेराच कळकट असेल. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी नुसतं 'रडलो' लिहून खाली झोकदार सही केलीय. लांब केस आणि गळ्यातल्या माळा बघून आपण ज्या भावाला घरात बुवा म्हणून चिडवायचो, त्याला कार्डावर 'कविवर्य' म्हटलेलं बघून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ दुसरं कार्ड उचलवेना.

आता मुद्द्याचं. कार्डावर तू दुसरा प्रश्न ठेवलायस, कोणतं वाक्य लक्षात राहिलं? पहिल्या खेळानंतर दोघांनी तिथे एकच ओळ लिहिली: 'पाणि उघडा आहे अजून, धरशील?' दुसऱ्या खेळानंतर अकरा जणांनी. पाचव्यानंतर एकूण एक कार्डावर तीच ओळ. धाकटे, ही ओळ तुझ्या फिल्ममध्ये नाही. मी ऑपरेटरच्या खोलीत बसून फिल्म तीनदा पाहिली. तो गिटारच्या तारा बदलताना पुटपुटतो तिथेही नाही, आणि न्हाणीघराच्या बंद दारामागून गातो तिथेही नाही. ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, असं काही ऐकल्याचं आठवत नाही, पण ओळ मात्र ओळखीची वाटते.

आणि अक्षरं वेगळी, शाया वेगळ्या, पण चूक सगळ्यांची तीच. 'णि' ऱ्हस्व, आणि 'उघडं' नाही तर 'उघडा'. पहिलीपासून आपण सगळे 'पाणी' दीर्घ लिहितो. एक कार्ड निवृत्त मास्तरांचं आहे, पाठपोट लिहिलंय आणि त्यात एका वेलांटीची चूक काढून दाखव म्हणावं. त्यांनीसुद्धा 'पाणि उघडा'च लिहिलंय. मी ती कार्डं टेबलावर ओळीने मांडली. दिवाणखान्यात सगळे दिवे लावून बसले, भर दुपारी.

तू मला तीनदा विचारलंस. तळ्यात तो सापडला त्या आठवड्यात, मग वर्षश्राद्धाला, आणि फिल्मचा शेवट जुळत नव्हता तेव्हा. बुवाने जाण्याआधी तुला काही दाखवलं होतं का? तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. पाय घसरला असं पोलिसांनी लिहिलं, फिल्ममध्येही तू तेच ठेवलंस. त्याच्या पिशवीतल्या वहीचा तर पार लगदा झाला होता, तू ती ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवून वाळवत बसली होतीस तरी एक अक्षर हाती लागलं नाही. शेवटाला दाखवायला काही नाही म्हणून तू नुसता अकरा सेकंदांचा अंधार ठेवलास. खोटं बोलले तेव्हा मला वाटलं होतं, एका ओळीने काय होणार आहे.

काल पाचव्या खेळाला मी पडद्याकडे नाही, लोकांकडे बघायचं ठरवलं. बाजूच्या जिन्यावर, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. शेवटचं गाणं संपलं, अंधार झाला. दारावरच्या लाल दिव्याचा थोडासा उजेड होता, तेवढ्यात मला दिसलं. ओळीच्या ओळी लोक उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवून बसले होते. म्हातारे, जोडपी, तिकीट फाडणारी बाईसुद्धा दाराशी उभी, हात तसाच. कोणी खोकलं नाही. दिवे लागले तसे सगळ्यांनी हात मागे घेतले आणि चपला शोधायला लागले. दोघातिघांना विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, हात? कसला हात? मी मात्र कठड्याला घट्ट धरून उभी होते, बोटं सोडवायलाही वेळ लागला.

तिथेच डोक्यात उजेड पडला. पाणि म्हणजे हात. पाणिग्रहणातला पाणि. म्हणूनच तो 'उघडा'.

धाकटे, त्याने मला दाखवलं होतं. त्या सकाळी तो स्वयंपाकघरात आला, वही माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या शेजारी बसून राहिला. नुसता बसून राहिला, जे त्याने वर्षानुवर्षं केलं नव्हतं. त्या पानावर एवढी एकच ओळ होती. माझं संध्याकाळपर्यंत द्यायचं काम होतं, मान वर न करता मी ती तपासली. 'णि'ची वेलांटी फिरवून दीर्घ केली, 'उघडा'चं 'उघडं' केलं आणि समासात गमतीने लिहिलं, पाणी कधी धरता येतं का, बुवा? त्याने वाचलं. थोडा हसला. म्हणाला, "तुझंच बरोबर आहे, ताई." वही पिशवीत घातली आणि गेला. दार वाजल्यावरही मी मान वर केली नाही.

त्याने हात लिहिला होता. त्याचं पाणी मी केलं.

हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मी खोटं बोलले, त्याची तू काय शिक्षा द्यायची ती दे, अबोला धर, काहीही कर. पण त्या अंधारात ती ओळ घाल, त्याने लिहिली तशीच. आणि येत्या रविवारी तीनच्या खेळाला ये. ते अकरा सेकंद मला हात उघडा ठेवून बसायचंय, आणि मला फार भीती वाटतेय की कोणीतरी तो खरंच धरेल. धरलाच, तर माझ्या दुसऱ्या बाजूला तू असावीस.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
ताई