माझी एकशे बेचाळीस पानं आणि मुक्ताबाईंचा ऊस

श्रीगोंदा,
२३ फेब्रुवारी १९९७

आदरणीय यशोधराताईस,
धाकट्या प्रवीणचा सविनय जयभीम.

राजूरच्या थंडीनं तुझा घसा बसल्याचं आईच्या पत्रातून कळलं. गरम पाणी पीत जा आणि पाचवीच्या वर्गावर ओरडणं आठवडाभर बंद ठेव (वर्गाचीही प्रकृती सुधारेल). भाऊजींना जयभीम सांग. मी खुशाल आहे. कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीला एसी असल्यामुळे मला कायम सर्दी असते, पण ती मानाची सर्दी आहे.

मी येण्याआधी इथं कुणाचा ऊस कधी तुटणार हे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे स्लीप बॉय पुंजाराम सांगायचे. (हुद्दा बॉयचा, वय छप्पन्न.) त्यांच्याकडे एक फाटकी वही होती, आणि वहीत नसेल ते डोक्यात होतं. आमचे मॅनेजर काकासाहेब यांनी ती वही मला कॉम्प्युटरवर चढवायला सांगितली. महिनाभर खपून मी दोन हजार शेतकरी चढवले आणि एकशे बेचाळीस पानांची यादी छापली. तीत कोड नंबर, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, सगळं होतं. नावं इंग्रजी लिपीत, कारण आमच्या मशीनला मराठी येत नाही. काकासाहेबांनी यादीला हार घातला. तिच्याशेजारी माझा फोटोही निघाला, त्यात मी शिंकतोय.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई नावाच्या शेतकरीण आल्या. त्यांचा दीड एकर ऊस तुऱ्यावर आलेला, वजन रोज घटत होतं. पुंजाराम रुसून बसले होते, विचारायला येईल त्याला कॉम्प्युटरकडे धाडत होते. मी बाईंपुढे यादी उलगडली आणि कोड म्हणजे काय, हे समजावू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"कागद लई झ्याक हाय, लेकरा," त्या म्हणाल्या. "पन माझ्या उसाला टोळी कवा येनार, तेवढं सांग."

ते शोधायला मला चाळीस मिनिटं लागली (यादीत सात मुक्ताबाई निघाल्या). लागणीच्या तारखेवरून पाळी मोजून मी छाती फुगवून सोमवार सांगितला. बाईंनी घरी जाऊन उसाचं पाणी तोडलं, म्हणजे रान वाळून बैलगाड्या आत जातील. सोमवारी तोडणीची टोळी आलीच नाही. मुकादम दोन दिवसांपूर्वीच टोळी घेऊन दुसऱ्या गावी गेला होता; पुंजारामांना ते माहीत होतं, मशीनला कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी बाई पुन्हा आल्या. चपला हातात घेऊन एसीत बसून राहिल्या, रागावल्या मात्र नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिकडे ऊस तुऱ्यावर, त्यात पाणीही तोडलेलं, आणि तेही माझ्या शब्दावर.

संध्याकाळी मी पुंजारामांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "कागदानं ऊस तुटत न्हाई, साहेब. टोळीनं तुटतो. अन् टोळी कुठं हाय, ते मला ठावं हाय."

बुधवारी त्यांनी स्वतः सायकल मारून मुकादमाला गाठलं आणि गुरुवारी बाईंच्या रानात दोन टोळ्या उतरवल्या. मीही गेलो. चौदा गाड्या भरून निघाल्या, एकही रुतली नाही, कारण बाईंनी रान वाळवून ठेवलं होतं. ताई, तिथं बांधावर उभा असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वाटायचं, माझं काम यादी छापण्याचं. बाईंना यादी नको होती, ऊस वेळेत तुटायला हवा होता. शिवाय ते काम मी एकट्यानं करून त्यांच्या पदरात टाकावं असंही नव्हतं. निम्मं तर त्यांनीच केलं. मी फक्त भरवशाची तारीख द्यायची होती, आणि नेमकी तीच दिली नव्हती.

आता रोज सकाळी पुंजाराम टोळ्यांची खबर आणतात, मी ती मशीनला देतो, आणि मशीन सांगेल ती पाळी मी गेटवरच्या फळ्यावर खडूनं मराठीत लिहितो: गाव, नाव, वार. वार बदलला तर आदल्या दिवशी निरोप जातो. काकासाहेब पाहुण्यांना अजून हारवाली यादीच दाखवतात. दाखवू देत.

घशाला जप. उत्तर लवकर धाड.

तुझा,
प्रवीण

ता. क. येत्या रविवारी वृषालीच्या घरचे लग्नाचं बोलायला केडगावला आपल्याकडे येणार आहेत. आईनं त्यांना मी कॉम्प्युटर ऑफिसर असल्याचं सांगून ठेवलंय. तू शनिवारीच ये.

ता. क. २ : खरं म्हणजे वृषालीनं मला मागेच विचारलं होतं, तुम्ही नेमकं करता काय. मी पाऊण तास बोललो. मग ती म्हणाली, "परत कधीतरी विचारते." वरचं सगळं पत्र ही त्या उत्तराची तालीम आहे. तुला समजलं असेल तर चार ओळींत लिहून आण, मी पाठ करतो. नसेल समजलं तर आईपाशी बोलू नकोस. मी कॉम्प्युटर बनवतो, असा तिचा समज आहे.