बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

पप्पा, मला तुमचा राग आलाय. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, आता तरी शांत बसावं म्हटलं, पण आज मम्मीने आपल्या गिरीज गावच्या घरातलं माळ्यावरचं सामान काढलं आणि बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा निघाला. आत तुमच्या गोळ्या. पाकिटंच्या पाकिटं, एकही न फोडलेलं. म्हणजे मी चंदनसारहून रोज फोन करत होते आणि तुम्ही "घेतो गं बाय, वेळेवर घेतो" म्हणत होतात, ते सगळं खोटं! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तुमच्या अंगातल्या राखणीच्या पेशी तुमच्याच किडन्यांवर उठल्यात, गोळ्या त्यांना जरा दाबून ठेवतील. बाहेर आल्यावर तुम्ही कपाळाला आठ्या घालून म्हणालात, "प्रतिकारशक्ती दाबायची कशाला? माणसाने ती वाढवायची." मला उशीर होत होता. मी स्कूटर काढली. दुसऱ्या दिवसापासून तुमचा गुळवेलीचा काढा सुरू. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पेलाभर.

अहो, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं! केळीच्या बुंध्याशी पाच-सहा पिलं फुटली की नको असलेल्यांना तुम्ही खोडावरच्या वाळक्या सोपाची पट्टी बांधायचात, मागून गडी कोयता घेऊन यायचा नि पट्टीवाली तेवढी छाटायचा. मम्मी मधेच एखादी पट्टी सोडायची, "हे राहू दे," म्हणायची, आणि तुम्ही चिडायचात. एकदा मी पट्टी सोडून एक पिल्लू वाचवलं तर "अख्खं बेट वाया घालवशील" म्हणून कान पिळला होतात. मी लॅबमध्ये तेच बघते, पप्पा. पेशीत एक एन्झाइम असतं, ते नको असलेल्या प्रथिनांना खूण चिकटवतं, मग ती मोडली जातात. दुसरं एन्झाइम ती खूण सोडवतं. कोवळ्या पेशींमधून कुठल्या राखणीला वाढतील, कुठल्या आवरल्या जातील, हे या बांधण्या-सोडण्यावर ठरतं. तो तोल गेला की राखणदार घरच्यांवरच उठतात. तुमचं तेच झालं होतं आणि तुम्ही वरून काढा ओतत होतात!

हे सगळं मी मम्मीवर ओरडून बोलले. ती डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "ते म्हणायचे, आपली पोर प्रतिकारशक्ती वाढवायचं काम करते, नि डॉक्टर ती दाबायला सांगतो. मी पोरीचं ऐकणार."

मला नोकरी लागली त्या वर्षी, ओटीवर बसून, तुम्ही विचारलं होतंत, "तुझं काम नेमकं काय गं?" मी मोबाइलमधून मान वर केली नाही. "प्रतिकारशक्ती वाढवतो आम्ही. पुढचं तुम्हाला नाही कळायचं."

ते खरंही नव्हतं. समजावून सांगायचा कंटाळा आला होता, एवढंच. आणि तुम्ही, आयुष्यात कुणाचं न ऐकणारे, नेमकं तेवढं ऐकलंत. हा कागद त्याच डब्यात ठेवतेय, गोळ्यांवर.