पिंप पोचलं, मीही पोचलो होतो

प्रिय सायोको,

माझं अक्षर पाहून दचकशील. तुला लिहिलेलं हे माझं दुसरं पत्र. पहिल्यात 'तांदूळ पाठवला आहे, पोचल्याचं कळव' एवढंच होतं. हे जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बस.

काल तुझ्या फुसाए आत्याचा फोन आला. कसा आहेस नाही की काही नाही. "दादा, लाज आहे का तुला? क्योतोतल्या एवढ्या परिषदेत पोरीने तुझ्यासाठी व्यासपीठावर खुर्ची मांडली, आणि तू नुसतं लोणच्याचं पिंप पाठवून मोकळा झालास? सायो म्हणते, बाबांना आता कधीच कुठे बोलावणार नाही." मी म्हटलं, "बरं." तर म्हणाली, "बरं काय बरं! दगड आहेस, दगड!" आणि फोन आपटला. तेव्हापासून रंधा हातात धरवत नाही. म्हणून लिहितोय. पोरी, मी आलो होतो.

तांबाहून पहाटेची पहिली गाडी धरली. अंगात कोट होता, तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला शिवलेला. रिकामं पिंप मोठ्या फडक्यात घेऊन वर सैलशी गाठ मारली होती. स्टेशनावरून तू लिहिलेल्या नंबरची बसही बरोबर पकडली. एका शाळकरी मुलीने पिंपाकडे बघून विचारलं, "आजोबा, अंघोळीला निघालात का?" सगळी बस हसली, मीही हसलो. मग एका परदेशी पाहुण्याने आपली ओली छत्री गाठीशेजारून पिंपात ठेवली आणि वाकून आभार मानले. मी वाकलो, तर तो पुन्हा वाकला. आता पाहुण्यापेक्षा कमी कसं वाकायचं? या वाकावाकीत माझा थांबा मागे गेला. ड्रायव्हर म्हणाला, "घाबरू नका आजोबा, ही बस गोल फिरते, पुन्हा तिथेच येते." आली की, सव्वा तासाने! त्या वेळात शहरातली निम्मी देवळं मी दोन्ही अंगांनी पाहून घेतली.

तरी तुमची परिषद भरली होती त्या देवळात वेळेआधी अर्धा तास पोचलो. दाराशी टेबल मांडलेलं, त्यावर नावांच्या चिठ्ठ्या ओळीने लावलेल्या. माझंही नाव होतं, आणि नावापुढे 'गुरुजी'. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाला गुरुजी! आजूबाजूला सगळे चष्मेवाले एकमेकांना दोन्ही हातांनी कार्डं देत होते. माझ्या खिशात कार्ड कुठलं, उकडलेलं रताळं होतं. टेबलामागच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "आपलं नाव?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नुसतं पिंप पोचवायला आलोय." ती म्हणाली, "अरे वा, दमला असाल, बसा ना मागे," आणि फडकं माझ्या हातात देऊन पिंप व्यासपीठावर नेऊन ठेवलं. ते बघून तुला वाटलं असणार, म्हाताऱ्याने पिंप पार्सल केलं.

घाबरलं की मला कुठे पळावं लागतं ते तुला ठाऊक आहे. संडासातून बाहेर आलो आणि मागच्या खांबाआड खुर्ची धरली. शेजारी किमोनोतल्या एक क्योतोकर आजी होत्या. त्या माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "आहाहा, किती सोयीच्या हो वहाणा! आम्हाला नाही जमत इतकं मोकळं बसायला." मी आपलं भाबडेपणाने म्हटलं, "पाय गार पडतात ना!" त्या म्हणाल्या, "हो ना, चटया पडल्या नुसत्या चारशे वर्षांच्या देवळातल्या." क्योतोचा माणूस एवढं कौतुक करायला लागला की आपलं काहीतरी चुकलंय, हे कळायला मला दोन मिनिटं लागली. खाली बघतो तर दाराशी जोडे काढून आलेल्या सगळ्यांच्या पायात नुसते मोजे, आणि माझ्या पायात संडासातल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या सपाता! वर 'शौचालय' असं सोनेरी अक्षरांत. त्या पवित्र चटयांवर!

नेमकी तेव्हाच तू उभी राहिलीस. "हे पिंप माझ्या बाबांनी केलंय. यात खिळा नाही, डिंक नाही, नुसती बांबूची कडी आहेत. ही विद्या मी वीस वर्षं ग्रंथालयांत शोधली, ती आमच्या पडवीत होती." मग खुर्चीकडे बघून तू दोनदा विचारलंस, "बाबा आलेत का?" दोनशे माणसांनी माना वळवल्या. मीही वळवली. (कडं बसवायची रीत सांगताना एक चूक केलीस, ती चारचौघांत नको, भेटीत सांगेन.)

सपाता फडक्यात बांधून घरी आणल्या, धुतल्या, आणि माफीच्या चिठ्ठीसकट देवळाला पाठवल्या. वेगळ्या पार्सलने मुळ्याचं लोणचंही पाठवलं. दोन्ही एकत्र पाठवणं बरं दिसेना.

आता खरं सांगतो, कारण आत्याला हे सांगता आलं नाही. तू हाक मारलीस तेव्हा सपाता फडक्यात गेल्या होत्या. पाय मोकळे होते. मी उठू शकलो असतो. तू विद्यापीठात निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, "पिंपांवर पुस्तकं लिहून पिंपात पाणी थांबतं का?" पदवीच्या दिवशी 'लाकूड वाळत घातलंय' म्हणून आलो नाही. लाकूड कसलं, त्या दिवशी पाऊस होता. असल्या माणसाची एवढ्या लोकांसमोर तू वाखाणणी केलीस, आणि आता उठलो तर इथेच रडेन, या भीतीने खुर्चीला चिकटून राहिलो. आत्या म्हणत होती, शरदात कानाझावाला तुमची पुन्हा परिषद आहे. माझं नाव घाल. गुरुजी लिही, काही लिही. फक्त एकदा पुन्हा हाक मार, सायो. या वेळी ओ देईन.

तुझाच,
बाबा