शर्वरीच्या मापाची सीट

रविवार संध्याकाळ, झिरकपूर

आज आमची रेसकार पहिल्यांदा ट्रॅकवर धावली. आमची म्हणजे माझी आणि शर्वरीची. बांधली दोघांनी, चालवणार ती होती. सीटचा फोमसुद्धा तिला आत बसवूनच ओतला होता, तिच्या अंगाच्या मापाचा साचा बनावा म्हणून. मग तिची लेहला बदली झाली. फौजेत कुणाला सांगणार, गाडी व्हायचीय, थांबा म्हणून?

म्हणून मी चालवली. सीट खांद्याला काचत होती. त्यात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. चाकं बघितली, ब्रेक बघितले, काही सापडेना. शेवटी ट्रॅकवर मदतीला आलेल्या गुरप्रीतनं विचारलं, "यार, स्प्रिंग सेट करते वक्त सीट पे वजन किसका रखा था?"

चारही चाकांवर भार नीट पडावा म्हणून ड्रायव्हरच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवतात तेव्हा. मी शर्वरीच्या वजनाच्या ठेवल्या होत्या. नेहमीच्या सवयीनं. मी बसणार आहे हे डोक्यातच आलं नाही.

माझं वजन धरून पुन्हा सेट केलं, गाडी सरळ थांबायला लागली. "अब सीट भी अपनी बनवा ले," गुरप्रीत म्हणाला. पक्का, म्हटलं. फोम आणलाय. तो कोपऱ्यात पडलाय.

आत्ता तिचा फोन येऊन गेला. "सीट काचत असेल ना रे तुला?"

"छे, अजिबात नाही," म्हणालो, खांदा चोळत.